खुर्च्या भरण्याआधी

दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. रायगड जिल्ह्याच्या रोहा आणि माणगाव तालुक्यांतली सहा हजार एकरांहून अधिक जमीन आणि एक लाखाहून जास्त रोजगारांचा अंदाज, असा त्याचा पसारा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या नगरासाठी अधिसूचित झाली. म्हणजे येत्या काही वर्षांत या पट्ट्यात कामगारापासून प्लांट मॅनेजरपर्यंत हजारो जागा निघतील. त्यातल्या हुकूम देणाऱ्या जागांवर पेण-रोह्याच्या लेकी किती असतील? आजची घडी अशीच राहिली तर बोटांवर मोजण्याइतक्याच. भरती उरकल्यावर हळहळून काही उपयोग नाही, म्हणून हे आताच बजावून सांगायला हवे.

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत बाया कामाला नाहीत असे कुणी म्हणणार नाही. सकाळच्या जनरल शिफ्टला त्या येतात. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, अकाउंट्समध्ये, पॅकिंगला, कॅन्टीनला, ठेकेदाराच्या हाताखाली साफसफाईला त्या दिसतात. पण रासायनिक कारखान्यात वर चढायची वाट रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावरून जाते. केमिकलची पदविका घेऊन आलेला मुलगा ट्रेनी म्हणून तिन्ही शिफ्टमध्ये फिरतो. रात्री दोन वाजता बॅचचे तापमान चढू लागले, की कूलिंग वाढवायचे, फीड बंद करायचा की साहेबांना झोपेतून उठवायचे, हे त्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते. अशा काही वर्षांनी तो शिफ्ट इन्चार्ज होतो आणि पुढे प्रॉडक्शन सांभाळतो. त्याच्याच वर्गातली मुलगी लॅबमध्ये लागते आणि केस पिकेपर्यंत लॅबमध्येच राहते. वरची जागा निघाली की ‘तिला प्लांटचा अनुभव नाही’ एवढ्या एका वाक्यात तिचे नाव बाजूला पडते. तो अनुभव तिला घेऊ कुणी दिला नाही, ही गोष्ट त्या बैठकीत निघतच नाही.

कायद्यानेच ही वाट बरीच वर्षे अडवली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळात स्त्रियांना कारखान्यात कामाला मनाई केली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षितता आणि वाहतुकीच्या अटींवर रात्रपाळीचे दार उघडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनेही स्त्रीच्या संमतीने ती मुभा दिली आहे. आता ‘कायदा आड येतो’ ही सबब उरलेली नाही. घरच्यांची काळजी मात्र खरी आहे आणि ती मागासलेपणाची म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. रात्री अकराला सुटलेल्या मुलीने धाटावहून आपल्या गावात जायचे कसे, हा प्रश्न बापाने विचारायलाच हवा आणि त्याचे उत्तर कंपनीने द्यायला हवे. दारापर्यंत सोडणारी गाडी, उजेड असलेला रस्ता आणि शिफ्टमध्ये एकटी पडू नये एवढ्या सहकारी स्त्रिया, हे त्याचे उत्तर आहे. त्याला खर्च येतो. साहेबाच्या गाडीलाही येतो.

आणखी एक कलम पाहण्यासारखे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष त्याच आस्थापनेतली वरिष्ठ पदावरची स्त्री हवी. तशी कुणी नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून नेमण्याची सवलत आहे. ज्या कारखान्याला दरवेळी या सवलतीचा आधार घ्यावा लागतो, त्याने आपल्याकडे वरिष्ठ बाई नाही हे कागदोपत्री कबूल केलेले असते. तक्रार घेऊन जाणाऱ्या मुलीला मग समोर भेटते ती त्या प्लांटचे जिनेही ठाऊक नसलेली परकी अध्यक्ष.

पेणचे दुखणे वेगळे वाटते, पण मुळाशी एकच आहे. हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत गेल्यास हातात पॉलिश पेपर घेऊन साच्याचा सांधा घासणारी, पितांबराचा काठ रंगवणारी, मुकुटावर सोनेरी चढवणारी बाईच दिसेल. तिचा हात थांबला तर हंगाम थांबेल. तरी ‘कारखानदार’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. कारण हंगामाआधी माल भरायला कर्ज लागते, कर्जाला तारण लागते आणि सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो. राज्याने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही बहिणीने हक्कसोड लिहून द्यावी हीच रीत चालू आहे. उद्या प्रकल्पात जमीन गेली, की मोबदला आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला याच रीतीने घरातल्या पुरुषाकडे वळेल. ही भीती आम्हाला सर्वांत मोठी वाटते.

सत्ता बाईच्या हाती आली तर ती सांभाळते, याचा पुरावा या जिल्ह्याला नवा नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निधी चौधरी यांनी २०२० ते २०२१ या काळात जिल्हाधिकारी म्हणून रायगड सांभाळला. रोह्याच्या तटकरे घराण्यातल्या आदिती तटकरे २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि जुलै २०२३ पासून त्यांच्याकडे राज्याचे महिला व बालविकास खाते आहे. त्यांच्याच खात्याने ‘लाडकी बहीण’ योजनेतून बायांच्या बँक खात्यात महिन्याला दीड हजार रुपये घातले. गरीब घरात त्याचा आधार मोठा आहे. पण बहिणीला मजुरीच्या पलीकडे नेणारी वाट त्या पैशाने तयार होत नाही. ती कारखान्याच्या फाटकाच्या आत तयार करावी लागते आणि तिथे राखीव जागा नाही.

म्हणून आमची मागणी दिघी औद्योगिक क्षेत्रातला पहिला भूखंड वाटला जाण्याआधीची आहे. भूखंड घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने सुपरवायझर आणि त्यावरच्या पदांवर किती स्त्रिया आहेत, हे दरवर्षी जाहीर करावे, अशी अट वाटपपत्रातच हवी. धाटावच्या चालू कारखान्यांनी हा आकडा यंदाच सांगावा. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून पदवी घेऊन आलेली मुलगी ट्रेनी म्हणून लागली, तर तिलाही मुलाइतकेच महिने प्लांटवर काढता यावेत. पेणच्या बँकांनी मूर्तिकाम करणाऱ्या बायांच्या बचत गटांना सातबाऱ्याशिवाय हंगामी कर्ज द्यावे. आणि संपादनाच्या नोटिसा निघतील तेव्हा तलाठ्याने वारस म्हणून लेकीसुनांची नावे विचारल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नये.