पाठीवरचें ओझें

न्यूझीलंडांत १९८३ सालीं सुरू झालेल्या ‘कोस्ट टू कोस्ट’ शर्यतींत सुमारें २४३ किलोमीटर अंतर धांवत, सायकलीवरून व अरुंद होडींतून आक्रमावें लागतें. डोंगरांतून धांवतांना उबदार कपडे, पावसाळी अंगरखा व प्रथमोपचाराचें साहित्य बाळगण्याची सक्ती असते. या ओझ्यानें वेग मंदावतो, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. धांवणाऱ्यास त्याचें शरीरच ऊब देतें. परंतु पाय मुरगळून तो भिजल्या अंगानें दरींत बसला, कीं ती झपाट्यानें नाहींशी होते. भिजलेलें सुती वस्त्र त्या वेळीं कुचकामाचें. लोकर मात्र भिजूनही ऊब राखते. म्हणून पिशवी भरतांना धांवण्याचा नव्हे, तर थांबावें लागण्याचा विचार करावा. शिवाय, तींतील पट्टी वाटेंत पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्याही कामीं येईल. तेवढ्यासाठीं चार पावलें मागें राहावें लागलें, तरी आम्ही तो पराजय मानीत नाहीं.