फोडली कोणी?

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये माझ्या हातून ब्युरेट फुटली. जर्नलमध्ये मी लिहिलं, 'द ब्युरेट वॉज ब्रोकन.' सर हसले आणि म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. पण फोडली कोणी?"

पॅसिव्ह व्हॉइसचा नियम तसा सोपा. कर्म पुढे येतं, मग काळाप्रमाणे 'इज' किंवा 'वॉज', मग क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता 'बाय' लावून शेवटी येतो, नाहीतर येतच नाही. आपण मराठी मीडियमवाले अडकतो ते 'रामाने आंबा खाल्ला'पाशी. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, म्हणून आपण त्याचं इंग्रजी पॅसिव्हमध्ये करायला जातो. इथे क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं हे खरं, पण राम आपल्या जागेवरच आहे. म्हणून इंग्रजीत सरळ 'राम एट द मँगो'. 'आंबा खाल्ला गेला' म्हटलं की झाला पॅसिव्ह. राम गायब!

जर्नलमध्ये कर्ता गायब झाला तर बिघडत नाही. थर्मामीटर मी वाचला काय आणि पार्टनरने वाचला काय, तापमान तेच. सगळीकडे मात्र असं चालत नाही.

मी नवापूरचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी पाइपलाइनने आमच्या किनाऱ्यावर येतं आणि समुद्रात जातं. 'पाणी सोडलं गेलं', 'मासे मेले' अशी वाक्यं ऐकतच मी मोठा झालो. सोडलं कोणी, याचं उत्तर त्यात कधी नसायचं. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तिथे मोघम बोलून भागत नाही, अर्जात प्रतिवादींची नावं द्यावी लागतात. म्हणजे 'बाय'च्या पुढची रिकामी जागा भरावीच लागते.

उद्या आपल्यातलेच कितीतरी जण बोईसरला किंवा आणखी कुठे शिफ्ट इंजिनीअर होतील. रात्री काही गडबड झाली की सकाळी रिपोर्ट लिहायचा असतो. 'द व्हॉल्व्ह वॉज लेफ्ट ओपन' लिहिलं की कुणावरच येत नाही, आणि महिन्याभराने तोच व्हॉल्व्ह पुन्हा उघडा राहतो. कोणत्या शिफ्टला, कोणी, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहिलं तरच काय सुधारायचं ते कळतं. पॅसिव्ह जरूर शिका, मार्क्सही मिळवा. पण जिथे दुसऱ्याचं नुकसान झालंय तिथे कर्ता लिहा, तो कर्ता आपण स्वतः असलो तरी.

ता. क. : ब्युरेटचे पैसे 'भरले गेले' नाहीत. मी भरले!