विश्लेषण : सिग्नलला गाडी थरथरते, दोष तीन सिलिंडरचा की कंपनीच्या हिशोबाचा?

सचिन तेंडुलकरची पहिली गाडी मारुती ८००. पुढे २०१५ मध्ये मुंबईत त्याच्याच हस्ते बीएमडब्ल्यूची आय८ ही स्पोर्ट्स कार भारतात दाखल झाली. तिची किंमत दोन कोटींच्या पुढे. या दोन गाड्यांत साम्य शोधणे अवघड, पण एक आहे : दोन्हींच्या पेट्रोल इंजिनात तीनच सिलिंडर. (आय८ला जोडीला इलेक्ट्रिक मोटर आहे, हे खरे.)

तरीही शोरूममध्ये ‘गाडी किती देते?’ याच्या खालोखाल आता ‘चार सिलिंडर आहे ना?’ हा प्रश्न येतो. मे २०२४ मध्ये मारुतीने नव्या स्विफ्टमधले १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन काढून तेवढ्याच क्षमतेचे तीन सिलिंडरचे बसवले, तेव्हापासून तर जास्तच. कंपनीच्या आकड्यांनुसार मॅन्युअल गाडीचे अॅव्हरेज लिटरला २२.३८ किलोमीटरवरून २४.८० वर गेले. ताकद मात्र सुमारे ९० पीएसवरून ८२ वर आली. कंपनीने आपल्या खिशासाठी एक सिलिंडर वाचवला, ही ग्राहकांची तक्रार अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी समजून घ्यायची, तर इंजिन नेमके का हलते ते पाहावे लागेल.

थरथर येते कुठून?

तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टवर पिस्टन १२० अंशांच्या अंतराने बसवलेले असतात. पहिला पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याचा वरच्या दिशेचा धक्का उरलेले दोघे अर्धा-अर्धा वाटून घेतात आणि खाली ओढतात. बेरीज शून्य. पण हे धक्के एकाच जागी बसत नाहीत. इंजिनाचे एक टोक वर उचलले जाते, दुसरे खाली दबते, बागेतल्या सीसॉसारखे. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा हे होते.

चार सिलिंडरमध्ये बाहेरचे दोन पिस्टन वर असताना आतले दोन खाली असतात, त्यामुळे सीसॉ होत नाही. म्हणून ते निर्दोष असते का? नाही. कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टन वरच्या टोकाजवळ जितक्या झपाट्याने वळतो, तितक्या झपाट्याने खालच्या टोकाजवळ वळत नाही. त्यामुळे वर-खालीचा हिशोब पुरता जुळत नाही आणि प्रत्येक फेरीला दोनदा अख्खे इंजिन वर-खाली हादरते. तीन सिलिंडरमध्ये नेमका हा हादरा नसतो. मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत त्यासाठी दोन-दोन बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात; मित्सुबिशीने १९७०च्या दशकात हेच तंत्र ‘सायलेंट शाफ्ट’ या नावाने विकले.

मग सिग्नलला हाताला जाणवते ते काय? ते बहुतांशी सीसॉ नसतेच. तीन सिलिंडरमध्ये दर २४० अंशांनी एक स्फोट होतो, पण स्फोटाचा जोर पिस्टनला जेमतेम १८० अंश ढकलतो. मधले ६० अंश क्रँकला कोणी ढकलत नाही. चार सिलिंडरमध्ये एकाचा जोर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. इंजिन ८०० आरपीएमवर असताना चार सिलिंडर सेकंदाला जवळपास २७ धक्के देतात, तीन सिलिंडर २०. धक्के जितके संथ, तितके ते रबरी माउंटिंगला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘फाउंडेशन’ला, अडवणे कठीण. ते सीट, स्टिअरिंग आणि आरशापर्यंत पोहोचतात.

इथेच ‘बॅलन्स शाफ्ट आहे, काळजी नको’ हे सेल्समनचे वाक्य अपुरे पडते. बॅलन्स शाफ्ट सीसॉ थांबवतो. संथ धक्क्यांवर त्याचा इलाज नाही. त्याला फ्लायव्हील, चांगली माउंटिंग आणि योग्य आयडलिंगच लागते. फोर्डने १.० लिटर इकोबूस्टमध्ये बॅलन्स शाफ्ट घातलाच नाही. फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असमतोल ठेवून सीसॉची दिशा वळवली आणि माउंटिंग त्या हिशोबाने बसवली. ते इंजिन २०१२ पासून सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरले.

मग चौथा काढायचा कशाला?

कराचे कारण इथे चालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४०. नियमात सिलिंडरची संख्या कुठेच नाही. तीनची निवड कंपनीची.

त्यामागे इंजिनिअरिंगही आहे. एक सिलिंडर गेला की पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग कमी होतात आणि घर्षणही. शिवाय १.२ लिटरचे तीन भाग केले तर एक सिलिंडर ४०० सीसीचा, चार केले तर ३०० सीसीचा. पातेल्यातला चहा कपातल्या चहापेक्षा उशिरा निवतो. मोठ्या सिलिंडरच्या भिंतींतून तसाच उष्णतेचा अपव्यय तुलनेने कमी. टर्बो असेल तर आणखी एक फायदा : धुराचे झोत २४० अंशांनी येत असल्याने एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत.

विषम संख्येचे वावडे इंजिनिअरांना कधीच नव्हते. ऑडीने १९७६ मध्ये ‘१००’ या गाडीत पाच सिलिंडर बसवले, कारण चारची ताकद पुरेना आणि सहाची लांबी पुढच्या चाकांपुढे मावेना. पाचमध्येही सीसॉ उरतो, पण दर १४४ अंशांनी स्फोट होत असल्याने खंड पडत नाही.

म्हणजे वाचवलेल्या सिलिंडरचा पैसा गेला कुठे, हा खरा प्रश्न. त्यातला काही माउंटिंग, फ्लायव्हील, आवाज रोखणाऱ्या अस्तरात गेला असेल तर तक्रारीला जागा नाही. नुसताच वाचवला असेल तर ग्राहक रोज सिग्नलला त्याची किंमत मोजतो. ब्रोशरमध्ये सनरूफ आणि स्क्रीनचे इंच ठळक छापणाऱ्या कंपन्यांनी बॅलन्स शाफ्ट आहे की नाही, हेही एका ओळीत छापायला काय हरकत आहे?

तोवर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर न घेता गर्दीत घ्यावी. एसी चालू ठेवून गाडी उभी करावी आणि मागच्या सीटवर बसून आरसा किती थरथरतो ते पाहावे. मग दुसऱ्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवरून सावकाश वेग वाढवावा. जुनी तीन सिलिंडरची गाडी अचानक जास्त हलू लागली, तर इंजिन उघडण्याआधी फाउंडेशन तपासून घ्यावे. रबर कडक झालेले असू शकते.