उद्दिष्टाला कारखाना हवा

युरोपने २०५० हे साल कायद्यात लिहून ठेवले आहे. २०२१च्या युरोपीय हवामान कायद्याने सत्तावीस देशांना बांधून घेतले: २०३०पर्यंत उत्सर्जन १९९०च्या तुलनेत निदान ५५ टक्क्यांनी कमी आणि २०५०ला निव्वळ शून्य. २०२३पर्यंत सुमारे ३७ टक्के घट झालीही, आणि त्या काळात अर्थव्यवस्था वाढतच राहिली. आम्ही हे वचन मानतो. ते सैल करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला आमचा विरोध राहील. पण ज्या यंत्रांच्या जोरावर ते पाळायचे, ती यंत्रे घडवणार कोण, हा प्रश्न युरोपने फार काळ बाजारावर सोडला. बाजाराने आपले उत्तर दिले.

आम्ही महाराष्ट्रातून आणि गोव्यातून येऊन जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये स्थिरावलेली माणसे आहोत. कुणी यंत्रांची ड्रॉइंग काढतो, कुणी लाइनवर उभी असते, कुणी अजून शिकतो आहे. आम्ही इथे कर भरतो, आमची मुले इथल्या शाळांत जातात. तेव्हा इथले २०५० हे आमचेही २०५० आहे.

सूर्यप्रकाशातून वीज मिळते, हे १८३९मध्ये एदमाँ बेकरेल या फ्रेंच तरुणाने दाखवले. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षांचा हमीदर दिला आणि या धंद्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. आज युरोपच्या छपरांवर चढणाऱ्या पॅनेलांपैकी दहातली नऊ चीनमधून येतात. अतिशुद्ध सिलिकॉन बवेरियातल्या बुर्गहाउसेनला अजूनही तयार होते. मात्र त्याच्या लगडी ओतून त्यांचे जाड कागदाएवढे पातळ काप काढणारे कारखाने युरोपात जवळजवळ उरलेले नाहीत. मधली कडीच निखळली आहे. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गचा पॅनेलचा कारखाना २०२४मध्ये बंद पडला आणि सुमारे पाचशे जणांचे काम गेले. माल खोटा नव्हता. गोदामांत साचलेल्या आयात मालापुढे त्याचा भाव टिकला नाही.

दोष सगळा बाहेरचा, असे म्हणून सुटका नाही. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीकडे भांडवल होते, मोटार कंपन्यांच्या ऑर्डरी होत्या, सरकारांच्या शुभेच्छा तर होत्याच. तरीही मार्च २०२५मध्ये तिथे दिवाळखोरी जाहीर झाली. प्रयोगशाळेत एक सेल उत्तम बनवणे वेगळे आणि तसेच लाखो सेल रोजच्या रोज लाइनवरून काढणे वेगळे. त्यासाठी हात बसावा लागतो. हात बसायला वर्षे जातात, आणि त्या वर्षांचा तोटा कुणीतरी सोसावा लागतो. चीनने तो सोसला. युरोपने तिमाही ताळेबंद पाहिला.

हात बसला की काय होते, तेही याच खंडात दिसते. १९९१ साली डेन्मार्कच्या विंडेबीजवळ समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, जगातला तसा पहिलाच प्रकल्प. आज ओल्बोर्गच्या कारखान्यात ११५ मीटर लांबीचे पाते अखंड घडते. साच्यात काचतंतूंचे थर माणसे हाताने अंथरतात आणि तळव्याने चाचपत बसवतात, कारण आत राहून गेलेली एखादी सुरकुती पुढे समुद्रावरच्या वाऱ्यात पाते तडकवू शकते. मग आतली हवा ओढून घेतात आणि राळ थराथरांत भिनते. त्या तळव्याची किंमत कुठल्या अनुदानाच्या अर्जात लिहिलेली आम्ही पाहिलेली नाही. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनने २००७मध्ये याच धंद्यातल्या जर्मनीच्या रिपॉवरचा ताबा मिळवला आणि २०१५मध्ये कर्जापायी ती कंपनी विकली. मालकी अशी येते-जाते. कारागीर मात्र त्याच गावात, त्याच शेडमध्ये असतो.

म्हणून आमची श्रद्धा कौशल्यावर आहे, कुंपणावर नाही. २०२४च्या निव्वळ शून्य उद्योग कायद्याने ठरवले, की स्वच्छ तंत्रज्ञानाच्या वार्षिक गरजेपैकी ४० टक्के उत्पादन २०३०पर्यंत युरोपात व्हावे. चाळीस म्हणजे शंभर नव्हे. बाकीचे जगातून येऊ दे, भारतातूनही येऊ दे. पण सगळी भिस्त एकाच पुरवठादारावर नको. रशियाचा वायू स्वस्त होता तोवर कुणी काही विचारले नाही. २०२२मध्ये सगळी उधारी एकदम वसूल झाली.

आणखी एक गोष्ट आम्ही इथे लिहून ठेवतो, काही सहकाऱ्यांना ती अडचणीची वाटली तरी. १ जानेवारी २०२६पासून युरोपचे कार्बन सीमा शुल्क पूर्ण अर्थाने लागू झाले आहे आणि भारतातले पोलाद व ॲल्युमिनियम त्याच्या कक्षेत येते. इथल्या भट्टीला प्रदूषणाचे पैसे मोजावे लागत असतील, तर बाहेरच्या भट्टीला सूट नको, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. मात्र या शुल्कातून येणाऱ्या पैशाचा एक वाटा त्याच देशांतल्या भट्ट्या स्वच्छ करण्यावर खर्च झाला पाहिजे. नाहीतर हा हवामानाच्या नावाने लावलेला जकात नाकाच ठरेल.

१९५१च्या पॅरिस तहात सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एकत्र आणले आणि त्यातून पुढे हा संघ उभा राहिला. त्याच युरोपात, स्वीडनमध्ये, २०२१ साली हायड्रोजन वापरून कोळशावाचून काढलेले पोलाद ग्राहकाच्या हाती पडले. वळण आले आहे, आणि आपण त्यावरच उभे आहोत.

आम्ही काय करणार? सर्वांत कमी बोली तीच खरी, ही सरकारी खरेदीची सवय मोडून काढणार. निव्वळ शून्य उद्योग कायद्याने दरवर्षीच्या अक्षय ऊर्जेच्या लिलावांपैकी किमान ३० टक्के क्षमतेसाठी, किंवा ६ गिगावॉटसाठी, किमतीपलीकडचे निकष सक्तीचे केले आहेत. ते निकष आपल्या देशात काटेकोर लागावेत म्हणून आम्ही खासदारांच्या दारात बसणार. कारखान्याच्या परवानगीला त्याच कायद्याने बारा ते अठरा महिन्यांची मुदत घातली आहे, तिचे दिवस आम्ही जाहीरपणे मोजणार. जो कारखाना अनुदान घेईल त्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि बंद पडलाच तर यंत्रे व माणसे विखुरण्याआधी नव्या चालकाला संधी मिळावी, ही अट आम्ही प्रत्येक करारात मागणार.

सुरुवात आपल्या गावापासून. शाळेच्या छपरावरची पॅनेले, बसची बॅटरी, नगरपालिकेचा उष्मा-पंप कुठून आला आणि कोणत्या निकषावर घेतला, हे आपण विचारू. सामील व्हायला वर्गणी नाही. आपल्या नगरपालिकेने काढलेल्या अशा एका निविदेची प्रत मिळवा आणि पहिल्या बैठकीला घेऊन या.