विहिरीचा दगड काय सांगतो?



विहीर खोदताना काळ्या पाषाणातून पांढऱ्या, गुलाबीसर स्फटिकांच्या गाठी निघतात. पोरे त्या देवळीत मांडतात, मोठी माणसे ढिगावर फेकतात. शिरूर असो वा दौंड, आपण त्यांना गारगोटी म्हणतो. शास्त्रातले नाव झिओलाइट. फेकण्यापूर्वी त्यांची साक्ष ऐकावी.

आपला पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. रस थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. वर थरावर थर चढले. खडकात झिरपणारे ऊन पाणी त्या पोकळ्यांत क्षार सोडत गेले, त्यांचेच हे स्फटिक झाले. बहुतेक झिओलाइट २५० अंशांच्या आतल्या उष्णतेत तयार होतात. म्हणून आपला खडक फारसा भाजला नाही, दाबलाही गेला नाही, हे गारगोटीच सांगते.

खडक जसजसा खोल पुरला जातो, तशी त्यातली खनिजे पालटतात. या जिन्याची पहिली पायरी आपल्या विहिरीत, तर पुढची भंडारा जिल्ह्यात आहे. तिथे निळसर, पात्यासारखा कायनाइट सापडतो आणि त्याचा भाऊ सिलिमनाइटही. दोघांत घटक तेच. दाब जास्त असला की कायनाइट, उष्णता जास्त असली की सिलिमनाइट. एकाच दुधाला विरजण लावले की दही, आटवले की खवा, तसेच हे.

वरची पायरी लडाखात, त्सो मोरिरी सरोवराजवळ. तिथल्या खडकात कोएसाइटचे कण सापडल्याचे डेहराडूनच्या वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केले. हे खनिज गारेच्याच घटकांचे. पण सुमारे ९० किलोमीटर खोलीचा दाब असल्याशिवाय होत नाही. म्हणजे हिमालय घडताना भारताच्या भूमीची कड तेवढी खाली गेली आणि परत वर आली! दाब उतरला की कोएसाइटची पुन्हा साधी गार होते. तांबड्या गार्नेटच्या पोटात अडकलेले कण मात्र पेवातल्या धान्यासारखे टिकले.

आता आपल्या कामाचे. पोकळ्या गारगोटीने गच्च भरल्या असतील, तर त्यांत पाण्याला जागा नाही. आपल्याकडे पाणी असते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तेव्हा बोअर घेताना दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर खोली लिहा, पाणी कुठे लागले तेही टिपा. त्या पिशव्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना दाखवा. शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीचे थरही उतरून नीट पाहा.

कर्ज काढून आणखी शंभर फूट खाली जायचे की थांबायचे, हा निर्णय घरातल्या सगळ्यांच्या पोटाशी बांधलेला असतो. तो घेण्यापूर्वी दगडाला विचारा. दगडाला खोटे बोलता येत नाही.