काळी चारचा पंखा

प्रत्येक घराला स्वतःचा असा एक आवाज असतो. घरच्यांना तो ऐकू येत नाही; पाहुण्यांना मात्र रात्रभर दुसरे काही ऐकू येत नाही. कुणाकडे मोरीतला नळ ठिबकत असतो, कुणाकडे छताचा पंखा दर फेऱ्याला एकदा कुरकुरतो, तर कुणाकडे दाराची कडी वाऱ्याने वाजत असते. यजमान मंडळी त्या तालावर खुशाल घोरतात आणि सकाळी पाहुण्याला विचारतात, ‘‘काय, झोप लागली ना?’’ सवय ही मोठी दयाळू गोष्ट आहे, यात शंका नाही.

परंतु एका आवाजाची सवय माणसाने करून घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. तो म्हणजे गाणे ऐकवणाऱ्या यंत्राचा स्वतःचा आवाज. सभेत वक्ता बोलत असताना माइकवाल्याने मधून मधून खाकरावे, तसा हा प्रकार. ज्याने दुसऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत आणून पोचवायचा, त्याने आपला गळा साफ करीत बसू नये, एवढी माफक अपेक्षा श्रोत्याने करायची नाही काय?

गेल्या वर्षी आमच्या घरी नवा ॲम्प्लिफायर आला. दिसायला देखणा, आवाजाला खणखणीत. त्याच्या पाठीशी वाटीच्या तोंडाएवढा, म्हणजे ८० मिलिमीटरचा एक पंखा आहे, हे घरी आल्यावरच कळले. दिवाणखान्याच्या शोभेसाठी हे यंत्र काचेच्या दाराच्या कपाटात ठेवावे, असा ठराव घरात तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधी मत माझे होते. मराठीच्या प्राध्यापकाचे यंत्राच्या बाबतीतले मत जितक्या गांभीर्याने घेतले जाते, तितक्याच गांभीर्याने ते घेतले गेले. दहा मिनिटांत यंत्र तापे आणि पंखा ‘सूंऽऽ’ करीत कामाला लागे. विकणाऱ्यांना पत्र लिहिले. उत्तर आले, की पंख्याचा आवाज ही यंत्र निरोगी असल्याची खूण आहे. हेही एकापरी खरेच. घोरणारा माणूस जिवंत असतो, याबद्दल कोणाचा वाद नसतो.

हे सारे मी चालवूनही घेतले असते. पण महिनाभरात एक गोष्ट ध्यानात आली. माझे वडील, नाना, ऐंशीच्या घरात आहेत. रात्री नऊनंतर, नातवाच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आवाज अगदी लहान ठेवून, ते तासभर गाणे ऐकत. आई गेल्यापासून दिवसातला हा एकच तास त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. ते आता नवाच्या ठोक्याला उठून आपल्या खोलीत जाऊ लागले. विचारले, तर म्हणत, ‘‘हल्ली झोप लवकर येते रे.’’ खोलीतला दिवा मात्र साडेदहापर्यंत जळत असे.

शेवटी एकदा सौ.ने सरळच विचारले. तेव्हा म्हणाले, ‘‘अगं, खाँसाहेब गातात तोवर ठीक असतं. ते थांबले की कानात नुसती घरघर राहते. मला वाटतं, माझे कानच गेले आता. मग उगाच कशाला बसायचं?’’

खाँसाहेब म्हणजे अमीर खाँ (१९१२–१९७४). त्यांची अतिविलंबित लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना नानांचे दुःख वेगळे सांगायला नको. झूमरा हा चौदा मात्रांचा ताल; तो इतका संथ चाललेला, की दोन मात्रांमध्ये माणसाने आपले आयुष्य आठवून घ्यावे. मारव्यातला एखादा स्वर ते ठेवतात आणि थांबतात. ते थांबणे हा त्या गाण्याचा भागच असतो. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत हे मावतच नव्हते. तीन-सव्वातीन मिनिटांत राग उरकायचा, आणि त्यावर सुईची खरखर. १९४८ साली दीर्घ वाजणारी तबकडी निघाली, तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली आणि खरखरही कमी झाली. गाण्याबरोबर घरात शांतताही आली म्हणा ना! ती शांतता या वाटीएवढ्या पंख्याने आमच्याकडून परत नेली होती.

माझा एक जुना विद्यार्थी यंत्रे दुरुस्त करतो. माझ्या विषयात तो काठावर पास झाला होता. ज्या विषयात तो प्रवीण आहे, त्यात मी काठावरसुद्धा आलो नसतो. तो आला आणि प्रथम त्याने स्पीकरच्या तारा काढून ठेवल्या. म्हणाला, ‘‘सर, स्पीकर काढल्यावर जो आवाज गेला, तो तारांचा किंवा आतल्या मंडलाचा. जो राहिला, तो पंख्याचा नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा.’’ मग वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावले आणि दुसरे यंत्रावरून फिरवले, वैद्याने नळी फिरवावी तसे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० कंपनांच्या खर्जात गुणगुणतो. इथले गुणगुणणे बरेच वरचे होते. तेव्हा चोर पंखाच.

एवढ्यात नाना आतून आले. कोपऱ्यातली पेटी पुढे ओढून त्यांनी एक पट्टी दाबली आणि म्हणाले, ‘‘काळी चार. पण जरा चढा आहे तुमचा पंखा. दोन्ही एकदम वाजले की मध्ये लाटा उठतात बघ.’’

विद्यार्थी नुसता हसला. पंख्याच्या पात्यावर चमकत्या कागदाचा तुकडा चिकटवून त्याने हातातल्या यंत्राने फेरे मोजले. मिनिटाला १,८०० भरले. म्हणजे सेकंदाला ३०. पाती सात. प्रत्येक पाते चौकटीच्या आडव्या पट्टीवरून गेले, की हवेला एक धक्का बसतो. तीस साते दोनशे दहा! पेटीच्या काळी चारची कंपने सेकंदाला सुमारे २०८. फरक दोनचा, म्हणून सेकंदाला दोन लाटा. विद्यार्थ्याने तो हिशेब कागदावर मांडून नानांपुढे धरला. ‘‘आजोबा, तुमचे कान माझ्या यंत्राइतके चोख आहेत.’’ नानांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

मग त्याने आम्हाला समजावून सांगितले, ते असे. खालच्या पट्टीतला सततचा आवाज आपल्याहून वरच्या स्वरांना झाकून टाकतो, आणि उतारवयात गलक्यातून नेमके हवे ते वेचून काढणे कानाला आणखी अवघड जाते. त्यात आवाज लहान ठेवून ऐकायचे म्हटले, की पंखा आणि गवई एकाच उंचीच्या पाटावर बसले! दोष नानांच्या कानांचा नव्हताच.

‘‘मग काढून टाक तो पंखा,’’ मी म्हणालो. त्यावर त्याने, मी वर्गात पाहत असे तसे माझ्याकडे पाहिले. म्हणाला, ‘‘सर, पंखा ओरडतो, कारण आत ताप आहे. ताप उतरवा, तो आपोआप गप्प बसेल.’’

गोष्ट साधी आहे. हलक्या आवाजात स्पीकरला एक वॅटसुद्धा वीज लागत नाही. पण या जातीचा ॲम्प्लिफायर नुसता चालू असला, तरी त्याच्या कित्येक पट वीज उष्णता होऊन जाते. ‘डी’ वर्गाची नवी यंत्रे पूर्ण जोरात चालताना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कारणी लावतात. त्यांना पंख्याची गरजही कमी. पूर्वीचे व्हॉल्व्हचे रेडिओ तर चांगले तापत, पण त्यांच्या पाठीला भोकाभोकांचा पुठ्ठा असे आणि गरम हवा आपली आपण वर निघून जाई. आमच्या यंत्राची गरम हवा जात होती कुठे? कपाटातच. तीच हवा पंखा पुन्हा ओढून घेत होता. कोंडलेल्या खोलीत आपल्याच श्वासावर जगण्यासारखे ते होते.

तेव्हा पहिला उपाय कपाटाला झाला. पाठीच्या फळीला खाली एक लांबट फट आणि वर एक गोल झरोका पाडला. झरोक्यात १२० मिलिमीटरचा एक मोठा पंखा अगदी संथ गतीने फिरत ठेवला. मोठा पंखा कशाला? तर एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, तर दीडपट रुंद पंखा तितक्याच फेऱ्यांत सव्वातीनपटींहून अधिक हवा हलवतो. म्हणजे छोट्याच्या एक-तृतीयांश वेगाने फिरला, तरी काम तेवढेच होते. आणि दोन सारख्या आवाजांची बेरीज केली, तर ती अवघी ३ डेसिबलने वाढते. म्हणून एका तारसप्तकवाल्यापेक्षा दोन पुटपुटणारे बरे. यंत्राच्या डोक्यावर चार-पाच बोटे जागा मोकळी राहील, अशी फळी वर सरकवली. झाकणावरचा फुलांचा विणलेला रुमाल सौ.ने स्वतःच्या हाताने काढला, हे नमूद करतो.

दुसरा उपाय केरसुणीच्या जातीचा. पात्यांवर आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर धुळीची लोकर बसली होती. ती मऊ कुंचल्याने काढली. कुंचला फिरवताना पात्याला बोटाने धरून ठेवावे, भिरभिरू देऊ नये.

तिसरा उपाय मला, तंबोऱ्याच्या घरातला माणूस म्हणून, सर्वांत पटला. तंबोऱ्याची तार एकटी किती वाजणार? भोपळा तिला मोठी करतो. पंखा पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेला असला, की त्याचा सारा थरार पत्र्यात उतरतो आणि यंत्राचे पेटारे भोपळ्याचे काम करू लागते. चार स्क्रूंच्या जागी चार रबरी खुंट्या आल्या आणि भोपळा निमाला.

चौथा उपाय वेगाचा. पंखा १२ व्होल्टचा. त्याला ७ व्होल्ट दिले, तेव्हा फेरे १,८०० वरून साधारण १,०५० वर आले. पंख्याच्या आवाजाचा नियम असा, की वेग निम्मा झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हवा मात्र निम्मीच कमी होते. आमच्या हिशेबाने १२ डेसिबल उतरले. दहा उतरले, की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. नानांनी पुन्हा पेटी ओढली. ‘‘पांढरी सातवर आला,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आता गात नाही, पुटपुटतो.’’

वाचकांपैकी कुणाला हे घरी करावेसे वाटेल, म्हणून दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. कपाट मोकळे करणे, वर जागा ठेवणे आणि जाळीवरची धूळ झाडणे एवढे कोणीही करावे. आमचा निम्मा आवाज त्यानेच गेला असेल. झाकण मात्र जाणकाराकडूनच उघडून घ्यावे. विजेचा खटका काढला, तरी आतले मोठे कंडेन्सर काही काळ वीज धरून असतात, आणि झाकण उघडल्यावर हमीपत्रही बहुधा बाद होते. वेग कमी केल्यावर पंखा थांबल्या जागेवरून आपणहून सुटतो ना, हे पाहावे. काही यंत्रे पंख्याचे फेरे मोजत असतात; ते फार कमी झाले, की यंत्रच बंद पडते. आणि पंखा कधीही तोडून टाकू नये. कंडेन्सरांचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला अर्धे होते, असा ठोकताळा आहे. शांततेच्या हव्यासाने यंत्रच जळाले, तर ती शांतता फारच पुरी होईल.

आणखी एक. दिवाळीच्या गारव्यात यश जाहीर करण्याची घाई करू नये. आमच्या विद्यार्थ्याने वैशाखात पुन्हा येऊन, तासभर गाणे लावून, झाकणावर हात ठेवून पाहिला. धातू पन्नास अंशांच्या पुढे तापला, की त्यावर हात राहत नाही. हात राहिला. चहाही झाला. ऐन उन्हाळ्यात पास झाला तोच पास. हे परीक्षेच्या बाबतीतही खरे आहे.

नाना आता पुन्हा रात्री नऊनंतर बसतात. परवा मीही शेजारी बसलो होतो. मारव्यातला तो कोमल रिषभ लागला, खाँसाहेब थांबले, आणि त्या थांबण्यात तंबोऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या ऐकू आल्या. नाना डोळे मिटूनच म्हणाले, ‘‘बघ, होत्या इथेच.’’

तथापि, मोठा आवाज गेला की त्याच्या मागे लपलेला छोटा पुढे येतो, हाही निसर्गाचा नियमच आहे. पंखा गप्प झाल्यावर चौथ्याच दिवशी नानांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. ती खाँसाहेबांच्या लयीत नाही, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून ते गाण्याला बसताना घड्याळातला सेल काढून ठेवतात, आणि पुन्हा घालायला विसरतात. त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात हल्ली दिवसभर रात्रीचे नऊच वाजलेले असतात.