पोटात धस्स झालं, ते कुणी शिकवलं?

मागच्या आठवड्यात पुतण्याची हळद होती. सवाष्णी एकेक करून हळद लावत होत्या. माझी काकू मात्र दाराआडून बघत उभी. काका जाऊन सहा वर्षं झाली. ज्या पोराला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्या हळदीला तिचा हात नको!

मी म्हटलं, "काकू, तू पण लाव की." सगळे एकदम गप्प. आणि खरं सांगतो, माझ्याही पोटात धस्स झालं. उद्या काही वाईट घडलं तर?

हा तोच मी, ज्यानं मे २०२२ मध्ये हेरवाडची बातमी मोठ्या हौसेनं लिहिली होती. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ते सगळं डोक्याला पटलं होतं. पोटाला नव्हतं.

आपण समजतो, चांगलं-वाईट विचार करून ठरवतो. तसं नसतं मित्रांनो. आधी धस्स होतं, कारणं मागून येतात. 'परंपरा आहे', 'लोक काय म्हणतील', 'तिलाच नको असतं'. एक खोडलं की दुसरं तयार. मला हे कुणी शिकवलं नाही. लहानपणापासून विधवा बाई मागं सरकताना बघितली, बस्स.

एके काळी केस राखलेली विधवा दिसली तरी काही घरांत विटाळ वाटायचा. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी केशवपन करायला नकार दिला. आज केशवपन म्हटलं तरी अंगावर काटा येतो. म्हणजे पोटही बदलतं.

आतला प्रत्येक आवाज खोटा नसतो. लहान पोराला कुणी मारताना बघून जीव कळवळतो, तो खराच. पण मी आता एक प्रश्न विचारतो: हाच नियम पुरुषाला आहे का? बायको गेलेले आमचे मामा त्याच मांडवात फेटा बांधून पुढं बसले होते. तेव्हा कुणाच्याच पोटात धस्स झालं नाही.

काकूनं हळद लावली? नाही. म्हणाली, "नको रे बाबा, पोराला काही झालं तर?" तिच्याही पोटात तेच बसलंय. आणि चारचौघांत तिला विचारून मीच तिला अवघड केलं.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. या वेळी आधी घरी जाऊन काकूशी बोलणार, बहिणीशीही बोलणार. तिथली लहान पोरं जे बघतील, तेच उद्या त्यांना बरोबर वाटणार आहे.

तुमच्या घरी काय चालतं? मोकळेपणानं लिहा.